देवयानीच्या पोटात नवे तारे जन्मतात का?

धानकापणीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यास, चांदणे नसलेल्या रात्री नऊच्या सुमारास अड्याळच्या शिवारात दिव्यांपासून दूर एखाद्या धुऱ्यावर उभे राहिले, तर माथ्यावरून थोडे उत्तरेला एक धुरकट ठिपका दिसतो. ही देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश इथे पोहोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. नुसत्या डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः तिचा मध्यभाग. तिथे अजून तारे जन्मतात का?

याचे उत्तर शोधायला अतिनील किरण उपयोगी पडतात. मोठे, तप्त तारे याच किरणांत सर्वाधिक तळपतात आणि काही कोटी वर्षांतच संपतात. सूर्यासारखा तारा मात्र सुमारे १००० कोटी वर्षे जगतो. त्यामुळे जिथे अतिनील प्रकाश भरपूर, तिथे ताऱ्यांचा जन्म अलीकडचा, असा अंदाज बांधता येतो.

हे किरण आपले वातावरण अडवते. त्वचेसाठी ते बरेच. पण दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर अशा जुळ्या दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा परातीएवढा, सुमारे ३७.५ सेंटीमीटरचा. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या या कामात पुण्याच्या ‘आयुका’चाही वाटा आहे. या दुर्बिणींनी देवयानीचीही छायाचित्रे घेतली आहेत.

सिंह राशीतील मेसिए ९५ या दीर्घिकेत हा अंदाज खरा ठरतो. तिच्या मधोमध ताऱ्यांचा लांबट दंड आहे. तो वायू केंद्राकडे ढकलतो. केंद्राभोवतीच्या कड्यात नवे तारे जन्मतात. दंडाच्या पट्ट्यात मात्र वायू उरत नाही आणि तारे घडणे जवळपास थांबते.

देवयानीत मात्र फसगत होऊ शकते. तिचे नवे तारे प्रामुख्याने केंद्रापासून दूरच्या कड्यात आहेत. तरीही मध्यभाग अतिनील किरणांत उजळतो. हबल दुर्बिणीने पाहिले तेव्हा तिथे जुनेच तारे आढळले. बाहेरचे थर गमावून गाभ्यात हेलियम जाळणारे, म्हणून अतिशय तप्त. उलट, धुळीने वेढलेले नवे तारे अतिनील छायाचित्रात दिसतच नाहीत. त्यांचा पत्ता तापलेल्या धुळीच्या अवरक्त किरणांतून लागतो.

म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढतात. धुऱ्यावरून दिसणारा तो ठिपका प्रामुख्याने म्हाताऱ्या ताऱ्यांचा आहे. देवयानीची तरणी पिढी त्याच्या बाहेर, डोळ्यांना न दिसणाऱ्या कड्यात आहे.