सोलापुरात दुर्बीण मांडताना

शाळेत ११४ मिलिमीटर आरशाची परावर्ती दुर्बीण आली असेल, तर पहिली मांडणी दिवसाच करा. दूरच्या पाण्याच्या टाकीवर नळी रोखा आणि तीच टाकी शोधक दुर्बिणीच्या फुलीवर येईपर्यंत तिचे स्क्रू फिरवा. नळी सूर्याकडे मात्र कधीही वळवू नका. क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते. टाकी उलटी दिसेल. दिसू द्या, आकाशात वर-खाली कुठले?

खरी गंमत बैठकीची. विषुववृत्तीय बैठकीचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा, म्हणजे उत्तरेकडे रोखलेला आणि स्थळाच्या अक्षांशाइतका वर उचललेला. लंडनला हा कोन साडेएक्कावन्न अंश, सोलापूरला सुमारे १७ अंश ४० कला. आपला अक्ष असा लवलेला, म्हणून प्रतिभाराचे वजन कधीकधी तिवईच्या उत्तरेकडील पायाला अडते. बैठक बिघडली असे समजू नका. तिवई फिरवून उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा आणा.

एवढा खटाटोप कशाला? नाभीय अंतर ९०० मिलिमीटर आणि नेत्रिका २५ मिलिमीटरची, तर वर्धन ३६ पट. मध्यावर आणलेला गुरू पृथ्वीच्या परिवलनामुळे तीनेक मिनिटांत दृश्याच्या कडेला जातो. अक्ष नीट लागला असेल, तर एकच मूठ हळूहळू फिरवून त्याला धरून ठेवता येते.

एप्रिल-मे महिन्यांत गच्ची टाळावी. तापलेली फरशी रात्रीही उष्णता सोडते आणि प्रतिमा थरथरते. मातीचे मैदान बरे. आरसाही अर्धा तास बाहेर निवू द्या. मग गुरूशेजारच्या ठिपक्यांच्या जागा वहीत टिपा, दुसऱ्या रात्री पुन्हा टिपा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केले होते. चारांतला एखादा दिसला नाही, तर तो गुरूच्या पुढे किंवा मागे असेल.