झाडतोडीचा उक्ता दर कसा काढावा?



घाटाखालच्या आपल्या सभासदांपैकी काहीजण ऊसतोडीचा हंगाम आटोपला की पावसाळ्याच्या तोंडावर झाडतोडीची लहानसहान कामे उक्ती घेतात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीत अशा कामाला तोटा नाही. घरावर झुकलेला माड, कौलांवर वाढलेला आंबा, तारेला टेकलेला फणस, काहीतरी असतेच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावर झाडे आडवी केली, तेव्हा तर प्रत्येक वाडीत कुऱ्हाड-करवतवाल्याची वाट बघत होते.

ऊसतोडीला टनाचा हिशेब असतो, वाहतुकीला अंतराचा. झाडाला असा काटा नाही. मग ठेकेदार झाडाकडे नुसते वर बघून आकडा सांगतो, मालक निम्मा करतो आणि मधेच कुठेतरी सौदा तुटतो. काम संपल्यावर कळते की गड्यांची मजुरी भागली, पण स्वतःला काही उरले नाही. किंवा उलट, नडलेल्या मालकाला दुप्पट भुर्दंड बसला. दोन्ही गोष्टी धंद्याला वाईट. म्हणून दर काढण्याची साधी रीत येथे देत आहे.

1) आधी परवानगी. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ ही आपल्याकडची नेहमीची झाडे आहेत. ती स्वतःच्या आवारात असली तरी वनखात्याकडील परवानगी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा शहरी झाडांचा कायदा लागू आहे, तेथे अर्ज नगरपरिषदेकडे. लाकूड हलवायचे तर वाहतूक परवान्याचीही चौकशी करावी. अर्ज कोण करणार, हेलपाटे कोण घालणार, हे आधीच ठरवा. तुम्ही घालणार असाल तर ते दिवस दरात धरा.

2) झाड नव्हे, जागा बघा. मोकळ्या परड्यातला माड बुंध्यापासून एकदम पाडता येतो. तोच माड पडवीला लागून असेल तर शेंडा आधी उतरवून खोडाचे तुकडे दोराने खाली सोडावे लागतात. झाड एकच, काम तिप्पट. खाली कौले, विहीर, चिऱ्याचा गडगा, विजेची तार काय काय आहे ते लिहून घ्या. तार असेल तर महावितरणला सांगून वीज बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये. त्यात अर्धा दिवस गेला तरी तो धरावाच लागतो.

3) वजनाचा अंदाज घ्या. लाकूडबाजारात गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, असे घनफूट काढतात. 6 फूट गोलाईचा 10 फूट ओंडका 22.5 घनफूट होतो. ही व्यापाराची रीत झाली. खरे आकारमान त्याच्या सुमारे सव्वापट, म्हणजे 28 घनफुटांच्या वर भरते. ओले लाकूड घनफुटाला अंदाजे 28 किलो धरले तर हा ओंडका 800 किलोचा झाला. दोन फुटांचा तुकडासुद्धा 160 किलोचा. तो कौलांवर सुटला तर काय होईल, हे दर सांगण्यापूर्वी डोळ्यांसमोर आणा.

4) झाड आतून तपासा. माडाच्या खोडाला भोके, तांबूस रस आणि चावलेला चोथा दिसला तर सोंड्या भुंग्याने आत पोकळ केलेले असू शकते. अशा माडावर गडी चढवू नये. वेगळी सोय करावी आणि तिचा खर्च मालकाला दाखवावा.

5) हिशेब मांडा. घरावर झुकलेल्या आंब्याचे दोन दिवसांचे काम धरू. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, आपल्या गावचे दर घालावेत.

चढणारा गडी, 2 रोज × 1500 = 3000 रु.
खालचे 3 गडी, 2 रोज × 700 = 4200 रु.
ठेकेदाराचे स्वतःचे 2 रोज × 1000 = 2000 रु.
यंत्र करवतीचे पेट्रोल, तेल, साखळीची झीज = 1000 रु.
दोर व हत्यारांची झीज = 400 रु.
टेम्पो = 1500 रु.
एकूण = 12100 रु.

यावर पाऊस व खाडे यासाठी 10 टक्के (1210), विमा व नुकसानभरपाईसाठी 10 टक्के (1210). झाले 14520. त्यावर 10 टक्के नफा 1452. म्हणजे अंदाजे 16000 रु. आपला रोज आणि आपला नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकजण येथेच फसतात.

6) लाकूड कोणाचे? लाकूड तुम्ही नेणार असाल तर त्याची किंमत वजा झाली पाहिजे. वरच्या उदाहरणात टेम्पो धरलेला आहे, म्हणून वखारीतला भाव वजा करा. तो 4000 असेल तर मालकाने 12000 द्यावेत. टेम्पो धरला नसेल तर जागेवरचा भाव वजा करावा. माडाचे खोड मात्र परड्यात कुजत टाकू नका. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजारचे माड खातो. विल्हेवाट हा कामाचाच भाग समजावा.

7) चिठ्ठी करा. काय तोडणार, बुंधा काढणार की नाही, लाकूड कोणाचे, मोडतोड झाली तर भरपाई कोणाची, विसार किती, हे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

शेवटी वादळाची गोष्ट. पडलेले झाड ताणाखाली असते, कापताना उसळते, म्हणून जोखमीचा टक्का वाढवणे योग्यच. परंतु घर उघडे पडले आहे म्हणून दर वाढवणे योग्य नाही. धोक्याचे पैसे घ्यावेत, अडचणीचे घेऊ नयेत. वादळ एक दिवसाचे असते, गावात तोंड रोज दाखवायचे असते.

हिशेबाचा कोरा तक्ता गट ऑफिसात मिळेल. सभासदांनी अवश्य न्यावा.

— ऊस विकास अधिकारी