चौकट : बारनिशी आणि ईमेलचा सर्व्हर

पोशीरसारख्या गावाहून कर्जतच्या कचेरीत आलेला कागद जुन्या दप्तरी शिस्तीत आधी बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, रुजू होई आणि त्याच्या निकालाचा विचार मागाहून होई. ईमेलच्या सर्व्हरची मदारही, नवल वाटेल, पण याच क्रमावर आहे. वीत्से वेनेमा यांनी रचलेल्या व १९९८ साली प्रसृत झालेल्या ‘पोस्टफिक्स’ या ईमेल-सर्व्हरच्या आज्ञावलीत पत्र प्रथम डिस्कवर नोंदले जाते, मगच पोच मिळते, एकावेळी वाटपास घ्यावयाची पत्रे २०,००० आणि न पोचलेल्या पत्राची मुदत ५ दिवस, हे त्याचे मूळचे दंडक. मार्चअखेरीस गर्दी उसळली की प्रक्रियांची संख्या बेसुमार वाढविण्याचा मोह होतो, परंतु खोळंबा पुष्कळदा डिस्कपाशीच असल्याने पत्रांच्या रांगेस स्वतंत्र, वेगवान डिस्क देणे आणि नकोशी पत्रे मजकूर स्वीकारण्यापूर्वी दारातच परतविणे अधिक फलदायी. सातबाराची स्कॅन केलेली प्रत जोडावी, तर बेस-६४ संकेतनाने ती सुमारे एक-तृतीयांश फुगते. हे वजन कारकुनास कधी दिसत नाही! भार अगदीच असह्य झाल्यास ४ या अंकाने आरंभ होणारे ‘तूर्त नाही’ असे उत्तर द्यावे. पाठविणारा सर्व्हर, शिस्तीचा असल्यास, काही वेळाने आपणहून पुन्हा येतो.