वीराचा धाकटा सोबती

कथेंतील मुख्य वीराचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. परंतु त्याच्या शेजारीं उभा राहणाऱ्या सोबत्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. रामाबरोबर लक्ष्मणाचें नांव आपोआप येतें खरें, तथापि लक्ष्मणास स्वतःला काय वाटलें असेल याचा विचार किती जण करतात? आमचे विद्यार्थी सुटींत ज्या इंग्रजी चित्रकथा आवडीनें वाचतात, त्यांतील अशाच एका सोबत्याचा वृत्तान्त येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव रॉबिन.

अमेरिकेंतील ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या मासिकाच्या २७ व्या अंकांत, मे १९३९ मध्यें, बॅटमॅन हा वीर प्रथम वाचकांसमोर आला. बॉब केन हे त्याचे चित्रकार व बिल फिंगर हे कथालेखक. बॅटमॅन रात्रीं एकटाच हिंडे व एकटाच गुन्हेगारांचा माग काढी. त्यामुळें लेखकापुढें एक अडचण उभी राहिली. चित्रकथेंत पात्राच्या मनांतील विचार वाचकांस कळविण्याचें मुख्य साधन म्हणजे त्याच्या तोंडचें बोलणें. ज्यास बोलावयास कोणीच नाहीं, त्यानें भिंतीशीं किती बोलावें? शेरलॉक होम्सला जसा डॉक्टर वॉटसन, तसा बॅटमॅनलाही कोणी असावा, असें फिंगर यांस वाटलें. त्यांचे सहकारी जेरी रॉबिन्सन यांनीं रॉबिन हूड या इंग्लंडांतील दंतकथेंतील धनुर्धरावरून नांव सुचविलें आणि एप्रिल १९४० च्या ३८ व्या अंकांत रॉबिन अवतरला.

त्याची कथा करुण आहे. डिक ग्रेसन हा सर्कशींत झोक्यावर कसरत करणाऱ्या दांपत्याचा मुलगा. गुंडांनीं सर्कशीच्या मालकाकडे खंडणी मागितली. त्यानें ती नाकारली. तेव्हां त्यांनीं झोक्याचे दोर कमकुवत करून ठेविले. खेळ चालू असतां दोर तुटले व मुलाच्या डोळ्यांदेखत आईबाप खालीं कोसळून मरण पावले. बॅटमॅनचेही आईबाप लहानपणीं असेच दुष्टांच्या हातून मारले गेले होते. त्यानें या पोरक्या मुलास आपल्या घरीं ठेवून घेतलें आणि मेणबत्तीच्या प्रकाशांत त्याजकडून न्यायाची शपथ वदवून घेतली. दुःखाच्या या समानतेमुळेंच दोघांचें नातें वाचकांच्या मनांत ठसलें.

रॉबिन येतांच मासिकाचा खप जवळजवळ दुप्पट झाला, असें सांगतात. मग काय विचारतां! ह्यूमन टॉर्चला टोरो मिळाला; १९४१ मध्यें कॅप्टन अमेरिकेस बकी व ग्रीन ॲरोस स्पीडी मिळाला. परंतु सर्वांनाच हें रुचलें नाहीं. १९५४ मध्यें फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनीं एक पुस्तक लिहून, चित्रकथांमुळें मुलें बिघडतात असा आरोप केला. अनेक पालक चिंतेंत पडले व त्याच वर्षीं प्रकाशकांनीं स्वतःवर नियमांचें बंधन घालून घेतलें. पुढें २०१२ मध्यें कॅरल टिली या संशोधक बाईंनीं वर्थम यांचीं मूळ टिपणें तपासून दाखविलें कीं, त्यांनीं आपल्या पुराव्यांत फेरफार केले होते. पालकांची काळजी खोटी नव्हती; पण तिला दिलेला आधार मात्र कच्चा होता.

चित्रांतील मुलें सहसा वाढत नाहींत. रॉबिन मात्र हळूहळू मोठा झाला. १९६९ च्या अखेरीस तो घर सोडून महाविद्यालयांत गेला आणि १९८४ मध्यें रॉबिन हें नांव टाकून ‘नाइटविंग’ या स्वतंत्र नांवानें वावरूं लागला. चव्वेचाळीस वर्षांनीं कां होईना, सोबती स्वतः वीर झाला.

त्याच्या जागीं जेसन टॉड हा दुसरा रॉबिन आला. हा तापट होता. पुष्कळ वाचकांस तो आवडेना. १९८८ मध्यें प्रकाशकांनीं एक विलक्षण गोष्ट केली. स्फोटांत सांपडलेला जेसन जगावा कीं मरावा, हें वाचकांनींच ठरवावें म्हणून दोन दूरध्वनि-क्रमांक छापले. छत्तीस तासांत १०,६१४ मतें आलीं. जगावा म्हणणारीं ५,२७१ व मरावा म्हणणारीं ५,३४३. केवळ ७२ मतांनीं एका मुलाचा मृत्यु ठरला! तो मुलगा कागदावरचा होता हें आम्ही जाणतों. तरीही हा आंकडा वाचून आमचें मन थोडें अस्वस्थ होतें. जो आपणांस आवडत नाहीं, त्याच्यावर हात उचलणें किती सोपें असतें!

पुढें १९८९ मध्यें टिम ड्रेक हा मुलगा कथेंत आला. जेसनच्या मरणानंतर बॅटमॅन दिवसेंदिवस अधिक क्रूर होत चालला आहे, हें त्यानें दुरून ओळखलें. बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे, असें त्यानें धीटपणें सांगितलें व अखेर तोच तिसरा रॉबिन झाला. २००५ मध्यें लेखकांनीं जेसनलाही परत आणिलें. आणि २००६ मध्यें आलेला डेमियन हा बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा पुढें रॉबिन झाला.

या दीर्घ इतिहासांत आम्हांस एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी वाटते. रॉबिन प्रथम निर्माण झाला तो केवळ वीरास बोलावयास कोणी हवें म्हणून. पन्नास वर्षांनीं लेखकांसच उमगलें कीं, या लहान सोबत्यावांचून वीराचें माणूसपणच टिकत नाहीं. विद्यार्थिमित्रांनीं दुसऱ्या क्रमांकावर राहण्यांत कमीपणा मानूं नये. मोठ्यांस सांवरून धरण्याचें काम पुष्कळदां धाकट्यांकडेच येतें. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, आज आपलें बोट धरून चालणारा सोबती उद्यां स्वतःचें नांव घेऊन निघेल, तेव्हां त्यास आनंदानें वाट करून द्यावी.