चिंता, विमा आणि श्रद्धा

मुळेच्या काठचे वाकड हे एके काळी शेतीचे आणि म्हातोबाच्या उत्सवाचे गाव होते. शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहिली, आणि जेथे पिके डोलत होती तेथे बहुमजली इमारतींच्या रांगा लागल्या. या इमारतींत राहणाऱ्या तरुण कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्या वडिलांच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट आहे. परंतु वडिलांच्या वाट्याला आलेली निश्चिंती त्यांच्या वाट्याला आलेली नाही. पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यात कायम झालेला कामगार एके काळी निवृत्तीपर्यंतचा हिशेब मांडू शकत असे. आज वाकडच्या संगणक अभियंत्याचे गृहकर्ज वीस वर्षांचे असते आणि नोकरी सुटण्याची सूचना महिन्या-दोन महिन्यांची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बदलत्या व्याजाने कर्ज घेतलेल्या अनेकांचे हप्ते वाढले किंवा परतफेडीची मुदत लांबली. ज्या निर्णयात आपला काडीमात्र हात नाही, तो आपल्या घराचे अंदाजपत्रक उलथून टाकतो, ही जाणीव झोप उडवणारी असते.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. ज्या संकटाची शक्यता आकड्यांत मांडता येते ती जोखीम. जिची शक्यता कोणालाच मोजता येत नाही ती अनिश्चितता. जोखमीचा विमा उतरवता येतो. आगीचा, अपघाताचा, आजारपणाचा हप्ता ठरवता येतो. पाच वर्षांनी आपल्या कौशल्याला बाजारात मोल राहील काय, मुले परदेशी गेल्यावर म्हातारपणी जवळ कोण असेल, या प्रश्नांचा मात्र हप्ता ठरवता येत नाही. माणसाला पोखरणारी चिंता बहुधा या दुसऱ्या प्रदेशातली असते.

या प्रदेशात माणसाने पूर्वापार धर्माचा आधार शोधला आहे. वाकडपासून फार दूर नसलेल्या देहूत तुकोबांनी दुष्काळात संसार आणि व्यापार बुडाल्यावर विठ्ठलाचे पाय धरले. त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. ख्रिस्ती श्रद्धेने चिंतेला दिलेले उत्तर मुद्दाम तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता न करण्याचा उपदेश आहे. त्यासाठी पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला दिला आहे. त्याचा अर्थ हातपाय गाळून बसावे असा घेतला जातो. परंतु पाखरू पेरणी-कापणी करीत नसले तरी पहाटेपासून दाणे टिपत हिंडत असते. उपदेशाचा रोख श्रमावर नाही. उद्याचे ओझे आजच्या खांद्यावर घेण्याच्या वृत्तीवर आहे. शिवाय वधस्तंभाच्या आदल्या रात्री खुद्द येशूने गेथसेमाने बागेत व्याकूळ होऊन हे संकट टळावे अशी प्रार्थना केल्याचे शुभवर्तमानांत नमूद आहे. तेव्हा चिंता वाटणे हे श्रद्धा उणी पडल्याचे लक्षण मानणे त्या धर्मालाच धरून नाही.

ही श्रद्धा व्यवहारात कशी उतरते याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. कडेवर तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून आणि पुढे शारदासदनावरून महाराष्ट्रात झालेले वादळ सर्वश्रुत आहे. येथे पाहावयाची ती त्यांची चिंतेशी वागण्याची रीत. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने शारदासदनाच्या खर्चाची हमी दहा वर्षांपुरती घेतली होती. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंनी केवळ प्रार्थनेवर सोपवला नाही. त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. ती बाग पुरते फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे निर्बंध आले आणि या साऱ्यांना केडगावच्या माळावर न्यावे लागले. मुक्तिसदन उभे राहिले ते असे.

पुढे किती जणी येतील, धान्य किती लागेल, पैसा कोठून येईल, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वेळी हाती नव्हते. नाइट यांच्या परिभाषेत ही निखळ अनिश्चितता होय. रमाबाईंचा दिवस प्रार्थनेने सुरू होई. पण त्याच दिवसात विहिरी खणल्या जात, माग चालत, शेती आणि छापखाना चाले. प्लेगच्या रुग्णालयातील कारभाराविरुद्ध १८९७ मध्ये त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. देवावर भार टाकणारी ही स्त्री सरकारपुढे गप्प राहिली नाही. नाइट यांचा ग्रंथ निघाला त्याच १९२१ साली मनोरमाचा मृत्यू झाला. रमाबाईंनी हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर त्या आघातानंतरही पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

या उदाहरणातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रार्थनेत चिंतेला शब्द द्यावे लागतात. मनात घोंघावणारे अस्पष्ट भय वाक्यात मांडले की त्याला आकार येतो आणि सीमाही येते. दुसरी, ही श्रद्धा कामाची वाटणी करते: माझ्या हातचे मी करीन, माझ्या हातचे नाही ते देवाकडे सोपवीन. तिसरी, ती माणसाला एकटे राहू देत नाही. रविवारची उपासना, आजाऱ्याच्या घरी जाऊन केलेली प्रार्थना, अडचणीत उचललेला शेजाऱ्याचा भार, हा एक प्रकारचा परस्पर विमाच आहे. त्याचा हप्ता मात्र वेळेच्या आणि आपुलकीच्या रूपाने भरावा लागतो. पिंपरीचे कॅथलिक चर्च दुःखितांची सांत्वनकर्ती या मरियेच्या नावाने ओळखले जाते. कामगारवस्तीने आपल्या प्रार्थनास्थळाकडून काय अपेक्षिले, हे या नावातच आले.

तथापि श्रद्धेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १० टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. छातीत धडधड, आठवडेच्या आठवडे निद्रानाश, कामावर जाण्याची धास्ती ही लक्षणे वैद्यकीय उपचार मागतात. अशा माणसाला औषध सोडून केवळ प्रार्थना करावयास सांगणारा उपदेशक श्रद्धेची सेवा करीत नाही. टेलिमानसचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून याच कामासाठी आहे. तो फिरवणे हा काही देवावरचा अविश्वास नव्हे. त्याचप्रमाणे, कामाचे तास बेसुमार वाढवणाऱ्या आणि एका पत्राने माणूस घरी बसवणाऱ्या व्यवस्थेनेही कर्मचाऱ्यांच्या श्रद्धेवर स्वतःची सुटका करून घेऊ नये. जी चिंता कायद्याने आणि सामाजिक सुरक्षेने दूर होऊ शकते, ती देवाच्या माथी मारणे हा अन्यायच होय.

एवढे करूनही काही अनिश्चितता उरणारच. ती कोणत्याही विमा कंपनीने किंवा सरकारने आजवर पुसून टाकलेली नाही. त्या उरलेल्या अंधारात हातातले काम न सोडता उभे राहण्याचे बळ श्रद्धा देत असेल, तर अर्थशास्त्रानेही तिची नोंद आदराने घेतली पाहिजे. केडगावच्या विहिरी प्रार्थना करणाऱ्या हातांनीच खणवून घेतल्या होत्या, हे वाकडच्या नव्या पिढीने ध्यानात ठेवावे.