असं का होतं? : उन्हाविना रापणं

परभणीत एप्रिल-मेच्या उन्हात चेहरा रापायला पैसे पडत नाहीत. युरोप-अमेरिकेतली गोरी मंडळी मात्र हाच रंग क्रीमच्या ट्यूबमधून विकत घेतात. त्यातला एखादा धांदरट असला, तर अंगभर पट्टे घेऊन फिरतो.

गंमत म्हणजे या क्रीमचा मुख्य घटक रंग नव्हे, तर डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन नावाची साधी साखर. कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या अमिनो आम्लांशी तिची क्रिया होते आणि काही तासांत तपकिरी छटा उमटते. ‘परभणी मोती’ ज्वारीची भाकरी तव्यावर खरपूस होते, तीही बऱ्याच अंशी याच जातीच्या क्रियेने. फक्त तिला आच लागते.

हा गुण सापडला अपघाताने. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत संशोधक एव्हा विटगेनस्टाइन ही साखर आजारी मुलांना पाजत होत्या. कातडीवर सांडली तिथे तपकिरी डाग पडले, कपडे कोरेच!

कोपर, गुडघे, घोटे इथे मृत थर जाड, म्हणून तिथे रंग गडद. हात धुवायचे राहिले की तळवे नारिंगी. साबणाने हा रंग निघत नाही. मृत पेशी झडतात तसा आठवडाभरात उतरतो, तोही ठिगळाठिगळांनी. शिवाय यात मेलॅनिन वाढत नाही, त्यामुळे उन्हात कातडी भाजायची ती भाजतेच.