पुणे ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

आमच्या वर्गातल्या एका मुलाने मागे मला पेचात टाकले. घरची शेती, विमानात बसलेले घरात कोणी नाही. पण पोराचा हिशेब पक्का. म्हणाला, "सर, विमान तासाला आठशे किलोमीटर जाते. पुणे-नागपूर सहाशे. म्हणजे पाऊण तास झाला. मग वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास का लिहितात? बाकीचा वेळ जातो कुठे?"

आधी अंतराचे पाहू. मोटारीने हा प्रवास सातशे किलोमीटरांहून जास्त पडतो, कारण रस्ता गावे, नद्या, डोंगर यांना वळसे घालीत जातो. लोहगाव विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचे सरळ अंतर मात्र सुमारे ६०५ किलोमीटर आहे. शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. नकाशाचे प्रमाण १ सेंटिमीटरला ५० किलोमीटर असेल, तर दोन शहरांमध्ये ताणलेला दोरा १२ सेंटिमीटर भरेल. प्रत्यक्षात विमान ठरवून दिलेल्या मार्गाने जाते आणि धावपट्टीच्या दिशेला वळून उतरते. म्हणून थोडे अंतर वाढते.

आता वेळ. एस. टी. स्टँडातून निघून गावाबाहेर पडेपर्यंत कुठे वेग घेते? विमानाचेही तसेच. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात जमिनीवरची संथ चाल आली, धावपट्टीसाठी थांबणे आले. लोहगावला तर हवाई दलाचा तळ आहे, तिथे आपली पाळी पाहावी लागते. पुढे चढण्यात आणि उतरण्यात बराच वेळ जातो. आठशेचा वेग मिळतो तो मधल्या टप्प्यातच.

शिवाय वारा आहे. हिवाळ्यात उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा, वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे. नागपूरकडे जाताना विमानाचा वेग ८८० होईल, परतताना ७२०. सबंध वाट याच वेगाने कापली असे धरले, तर जायला ४१ मिनिटे आणि यायला ५०. वाट तीच, नऊ मिनिटांचा फरक!

घरापासून विमानतळ गाठणे आणि उड्डाणाआधी दीड-दोन तास तिथे थांबणे हे धरले, म्हणजे दीड तासाचा प्रवास सहज पाच तासांचा होतो.

हा हिशेब नुसता गणिताचा नाही. दान केलेले हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या रुग्णाच्या छातीत बसवावे लागते. ते एका शहरातून दुसऱ्या शहरी न्यायचे असेल, तर विमानाचा वेग वाढवता येत नाही. म्हणून वाचवायची ती जमिनीवरची मिनिटे. पोलीस रस्ता मोकळा करतात तो त्यासाठीच.

आपल्या गावालाही हेच लागू आहे. दवाखाना किती किलोमीटरवर, एवढे विचारून भागत नाही. पावसाळ्यात, रात्री, ओढ्याला पाणी असताना किती मिनिटे लागतात? गुरुजींनी मुलांकडून हा एक हिशेब जरूर करून घ्यावा. किलोमीटर नकाशा सांगतो. मिनिटे मात्र आपली आपणच मोजून ठेवावी लागतात.